मराठी ख्रिस्ती प्रार्थनेंतील ‘कृपा’

रहाटणी हें आज पिंपरी-चिंचवड नगरांत सामावून गेलेलें गांव. त्याच्या उत्तरेस देहू, ईशान्येस आळंदी. आणि त्याच पुणें जिल्ह्यांत, दौंड तालुक्यांत, पंडिता रमाबाईंचें केडगांव. ईश्वरापाशीं पुण्याईच्या बळावर जावयाचें कीं केवळ त्याच्या दयेवर भरंवसा ठेवून, हा प्रश्न या तिन्ही स्थळांच्या इतिहासाशीं निगडित आहे. पहिल्या दोन स्थळांचें वाङ्मय वाचकांच्या नित्य परिचयाचें. तिसऱ्याचें तसें नाहीं. ख्रिस्ती मंडळी देवाची दया ज्या मराठी शब्दांनीं मागतात ते शब्द त्यांस कोठून मिळाले, एवढ्याच मुद्द्याचा येथें विचार करावयाचा आहे.

विचाराचें कारण असें कीं, ग्रियर्सनसारख्या कांहीं युरोपीय पंडितांनीं भक्तिमार्गावर ख्रिस्ती मताची छाया पाहिली होती. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं भागवत धर्माची ख्रिस्तपूर्व प्राचीनता शिलालेखांच्या आधारें दाखविली, हें प्रसिद्धच आहे. मराठीपुरतें बोलावयाचें तर एवढ्या लांब जाण्याचेंही कारण नाहीं. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ. स. १२९० ची. मराठींतील पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ त्यानंतर सव्वातीनशें वर्षांनीं छापला गेला. कृपा, दया, भाव, शरण हे शब्द तोंवर येथें पिढ्यान् पिढ्या रुळलेले होते. ज्यास देणें-घेणें म्हणावयाचें तें शब्दांच्या बाबतींत उलट्याच दिशेनें झालें आहे.

तो ग्रंथ म्हणजे फादर स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण. हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला आणि १६१९ त तेथेंच वारला. त्याचें पुराण १६१६ सालीं रायतूर येथें रोमन अक्षरांत छापलें गेलें. ओव्या सुमारें ११,०००. १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. हस्तलिखितांवरून मंगळुरास १९०७ त सालढाणा यांनीं आवृत्ति काढिली, आणि देवनागरींत तें पुण्यास १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं आणिलें. ख्रिस्ती श्रद्धेस या ग्रंथांत ‘भावार्थ’ हा शब्द आहे, स्वर्गास ‘वैकुंठ’. गोव्याच्या ख्रिस्ती प्रार्थनांतून श्रद्धेस अद्यापि ‘भावार्थ’च म्हणतात, आणि दयेस ‘काकळूत’. हा आपल्या ‘काकुळती’चा सख्खा भाऊ. आपल्याकडे काकुळतीस येतो तो मागणारा. तेथें काकळूत येते ती देणाऱ्यास. शब्द एकच, पण तो याचकाकडून दात्याकडे सरकला आहे. भाषाशास्त्रज्ञांनीं याकडे अवश्य पाहावें.

शब्द घेतला म्हणजे अर्थही जसाच्या तसा घेतला, असें मात्र समजूं नये. ख्रिस्ती मताप्रमाणें देवाची दया येशूच्या क्रूसावरील मरणांत एकदांच व सर्वांसाठीं प्रकट झाली. म्हणून प्रार्थना त्याच्या नांवानें करावयाची, आणि प्रार्थना करणाराची लायकी कांहींच मोजावयाची नाहीं. जुना शब्द हा नवा भार वाहील काय? याचें उत्तर दोन थोर मराठी ख्रिस्ती व्यक्तींनीं परस्परविरुद्ध दिलें आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे वैष्णव होते. पुराणें सांगत, तीर्थें करीत हें कुटुंब देशभर हिंडलें. व्रतें, दानें, उपवास यांत जवळचें सर्व संपलें आणि १८७४ च्या सुमारास दुष्काळांत आईवडील गेले. रमाबाईंच्या आत्मकथनांत या काळाचा जो वृत्तांत आहे त्यांत देव हिशेब ठेवणाराच दिसतो. शास्त्रांचीं मतें इतर बाबतींत भिन्न असलीं तरी स्त्रीस पुरुषाप्रमाणें मोक्ष नाहीं यावर तीं एकमत आहेत, असें त्यांस आढळलें. इंग्लंडांत त्यांनीं पतित स्त्रियांसाठीं चालविलेलें सेवाकार्य पाहिलें, शोमरोनी स्त्रीची कथा ऐकिली, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. तरीही पुढें सुमारें आठ वर्षें आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असें त्या स्वतःच सांगतात. देवाची क्षमा आपल्या सुधारणेची वाट पाहत नाहीं, ती आतांच घ्यावयाची आहे, हें त्यांस १८९१ च्या सुमारास उमगलें. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांतून आणिलेल्या मुलींसाठीं केडगांवचें मुक्तिसदन उभें राहिलें. १९०५ च्या जूनमध्यें तेथें जी सामुदायिक प्रार्थनेची लाट उठली तिच्यांतील रडणें-ओरडणें अनेकांस रुचलें नाहीं. परंतु दुष्काळांत सर्वस्व गमावलेल्या मुलींनीं देवापाशीं पुण्याईचा हिशेब कोणत्या तोंडानें मांडावयाचा होता? त्यांच्यासाठींच रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलाचें साध्या मराठींत भाषांतर केलें. प्रचलित भाषांतरांतील जड संस्कृत शब्द त्यांनीं दोन कारणांनीं टाकिले : ते अडाणी स्त्रीस कळत नव्हते, आणि जुन्या तत्त्वज्ञानाचा वास त्यांना चिकटलेला होता. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ त बाहेर आला.

रेव्ह. नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांची वाट अगदीं निराळी. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशीं आलों, असें ते सांगत. अहमदनगरास (आजचें अहिल्यानगर) कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तन आधींच सुरू केलें होतें. टिळकांनीं अभंग, भजन व कीर्तन यांस ख्रिस्ती उपासनेंत मानाचें स्थान मिळवून दिलें. ‘अभंगांजली’ हें नांवच पुरेसें बोलकें आहे. ज्या शब्दांचा वास रमाबाईंस सोसवेना, तोच टिळकांस घरचा वाटला.

या मतभेदाचें कारण स्वभावांत शोधण्यापेक्षां पूर्वायुष्यांत शोधावें असें मला वाटतें. रमाबाईंनीं लहानपणीं अनुभवला तो संस्कृत पुराणांचा, व्रत-तीर्थांचा व पुण्यसंचयाचा धर्म. टिळकांनीं ख्रिस्तापर्यंत बरोबर नेली ती वारकऱ्यांची अभंगवाणी, जींत अपात्रानेंच हक्कानें दया मागावयाची असते. दोघांचीही साक्ष खरी आहे. साक्ष मात्र दोन निरनिराळ्या धर्मानुभवांविषयीं आहे. ‘हिंदु धर्मांत कृपा नाहीं’ असें रमाबाईंच्या आधारें म्हणणारे, आणि ‘टिळकांचा ख्रिस्त म्हणजे विठोबाच’ असें म्हणणारे, दोघेही एकेका साक्षीदारावर सारा निकाल देतात.

टिळक ९ मे १९१९ रोजीं वारले तेव्हां ख्रिस्तचरित्रावरील त्यांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें होतें. तें लक्ष्मीबाईंनीं पूर्ण केलें.