अंगठ्यावरचा जुना खटला

फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमान यांनी आपल्या लहानग्या मुलासाठी रचलेले ‘श्ट्रुवेलपेटर’ हे चित्रपुस्तक १८४५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या एका गोष्टीत आई बाहेर जाताना कोनराडला बजावते, अंगठा चोखू नकोस. तिची पाठ वळताच अंगठा तोंडात जातो आणि एक शिंपी भलीमोठी कात्री घेऊन धावत येतो, दोन्ही अंगठे छाटून टाकतो. लिहिणारा डॉक्टर, तरी दातांचा उल्लेख नाही! कोनराडचा गुन्हा एकच, आईचे न ऐकण्याचा. मला या इतिहासात हाच क्रम दिसतो: शिक्षा आधी ठरली, दातांची साक्ष मागाहून आली.

ती साक्ष १८७८ मध्ये बोस्टनच्या वैद्यकीय नियतकालिकात टी. एच. चँडलर या दंतवैद्याने नोंदवली: लहानपणी अंगठा चोखल्याने पुढे दात वेडेवाकडे होतात. लगेच १८७९ मध्ये बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ लिंडनर यांनी चोखण्यातल्या सुखावर लेख लिहिला; त्याचाच आधार घेऊन फ्रॉइडने १९०५ मध्ये या सवयीला लैंगिक अर्थ दिला. मात्र पालकांच्या मनातला संशय फ्रॉइडच्याही आधीचा. न्यूयॉर्कचे डॉ. एमेट होल्ट यांच्या १८९४ च्या बालसंगोपनाच्या पुस्तकात वाईट सवयींच्या एकाच यादीत चोखणे, नखे खाणे, माती खाणे, अंथरूण ओले करणे आणि हस्तमैथुन शेजारी शेजारी बसली आहेत. हट्टी मुलाचा हात वाकूच नये म्हणून कोपराला पुठ्ठ्याच्या पट्ट्या बांधा, असा त्यांचा सल्ला. अमेरिकी सरकारच्या १९१४ च्या पुस्तिकेने तर बाही बोटांवरून ओढून टाचून टाकायला सांगितले, तेही काही दिवस आणि रात्री. त्या काळी बालमृत्यू अफाट होते, अस्वच्छ बोटांची धास्ती रास्तच होती, असे कोणी म्हणेल. पण मळाचीच भीती असती तर हात धुऊन भागले असते; कोपर बांधायचे कारण काय?

दात खरोखरच पुढे येतात त्याचे काय, हा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो खराही आहे. अंगठा वरचे दात पुढे ढकलतो, खालचे आत रेटतो, समोर फट राहते. गालांच्या दाबाने वरचा जबडा अरुंद होऊ शकतो. चँडलर यांनी पाहिले ते खोटे नव्हते. फक्त दंतवैद्याच्या खुर्चीत येतात ती दात बिघडलेली मुले. अंगठा चोखून वेळेत सोडलेली, दात धड असलेली मुले तिथे कशाला जातील? एकाच गटातली मुले वर्षानुवर्षे तपासत राहण्याचे काम विसाव्या शतकात झाले, तेव्हा दिसले की दाबाच्या जोरापेक्षा रोज किती तास आणि किती वर्षे हे महत्त्वाचे. सहा-सात वर्षांच्या सुमारास पुढचे कायमचे दात येतात. त्याआधी सवय सुटली तर समोरची फट बहुधा आपोआप भरते. अरुंद झालेला जबडा मात्र तितक्या सहज सावरत नाही.

त्याच सरकारी पुस्तिकेच्या १९४० च्या दशकातल्या आवृत्त्यांत सूर मवाळ झाला, चोखणे निरुपद्रवी ठरले. पुढे सोनोग्राफीत गर्भही अंगठा चोखताना दिसला. आपल्याकडे अंगठ्याला कोरफड किंवा कडुलिंब चोळणे अजून चालूच आहे, तेही बहुधा दुधाचे दात असणाऱ्या मुलांच्या अंगठ्याला.