लिंबाच्या रंगाची पाल आणि तिच्या अंगावरच्या गाठी

पाल चुकचुकली की आपण लगेच 'सत्य आहे' म्हणतो, आणि अंगावर पडली की आंघोळीला धावतो. तीच पाल काचेच्या पेटीत ठेवून कुणी हजारो रुपये मोजतं, हे आपल्या तालुक्याच्या गावात चार वर्षांपूर्वी कुणाला पटलं नसतं. आता पोरं मोबाइलवर फोटो दाखवतात. म्हणून हा थोडा इतिहास.

अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या मुलखातला ठिपकेदार लेपर्ड गेको. ब्लिथ या शास्त्रज्ञाने 1854 साली त्याची शास्त्रीय नोंद केली. अमेरिकेत आणि युरोपात तो घराघरात पोहोचला, कारण तो शांत आहे, माणसाच्या हाताला सरावतो आणि पेटीत सहज अंडी घालतो. मग सुरू झाला रंगांचा बाजार. पांढरा, नारिंगी, बिनठिपक्यांचा. जो रंग दुर्मीळ, त्याचा भाव वर.

2015 साली अमेरिकेतल्या एका पैदासकाराने लिलावात असाच एक नर घेतला. लिंबासारखा पिवळा, वर दव पडल्यासारखी पांढरी झाक. जातीचं नाव पडलं 'लेमन फ्रॉस्ट'. पिल्लं झाली, मागणी वाढली. आणि मग त्यांच्या कातडीवर पांढऱ्या गाठी दिसायला लागल्या. त्या ट्यूमरच्या होत्या.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या लाँगहुआ गुओ आणि लिओनिड क्रुग्ल्याक यांच्या गटाने याचा छडा लावला, 2021 साली निबंध छापून आला. दोष स्पिंट1 या जनुकाजवळ सापडला. माणसाच्या काही कर्करोगांशीही याच जनुकाचा संबंध आहे. लेमन फ्रॉस्ट जातीच्या 80 टक्क्यांहून जास्त गेकोंना गाठी होत होत्या. म्हणजे ज्या पेशींमुळे तो सुंदर पांढरा रंग यायचा, त्याच पेशी बेसुमार वाढत होत्या. माझं मत विचाराल तर यातली खरी कामाची गोष्ट पैदासकाराची वही. कोणता नर कोणत्या मादीला लावला, कोणतं पिल्लू कुणाचं, याची नोंद होती म्हणून शास्त्रज्ञांना वंशावळ लावता आली. आपल्याकडे गाईम्हशींचीही अशी नोंद धड मिळत नाही, पण तो विषय वेगळा.

दुसरी कहाणी न्यू कॅलेडोनियाच्या क्रेस्टेड गेकोची. 1866 साली वर्णन झालं, पुढे तो नामशेष झाला असंच लोक धरून चालले. 1994 साली पुन्हा सापडला. तिथून बाहेर नेलेल्या मोजक्या प्राण्यांची प्रजा आज जगभर आहे. मूळ साठा एवढा थोडा, म्हणून भावाबहिणीची जोडी लावायची नाही हे भान तिथे जास्तच ठेवावं लागतं.

आता विलगीकरण. 2020 नंतर हा शब्द कुणाला शिकवायला नको. 1377 साली रागुझा, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, साथीच्या भागातून येणाऱ्यांना 30 दिवस वेगळं ठेवायचा नियम केला. पुढे दिवस 40 झाले आणि इटालियन चाळीसवरून 'क्वारंटाइन' शब्द आला. गेकोला 40 दिवस पुरत नाहीत, जाणकार 90 सांगतात. कारण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी. लेपर्ड गेको चरबी शेपटीत साठवतो. हा आजार झाला की शेपटी काडीसारखी होते. पण त्याआधी कित्येक महिने प्राणी धडधाकट दिसतो आणि विष्ठेतून रोग पसरवत राहतो. खात्रीचा इलाज नाही. घरातल्या ब्लीचनेही तो मरत नाही.

म्हणून नवा प्राणी वेगळ्या खोलीत. खाली वाळू नको, टिश्यू पेपर, म्हणजे विष्ठा दिसते आणि तपासायला देता येते. एकदा नाही, दोन-तीनदा. चिमटा, पाण्याची वाटी वेगळी. आधी जुन्यांना खायला घालायचं, नव्याला सगळ्यात शेवटी. त्याच्या पेटीत उरलेले किडे दुसऱ्याला टाकायचे नाहीत, ते विष्ठेवर फिरलेले असतात. हे 90 दिवस होईपर्यंत जोडी लावण्याचा विषयच नाही.

पैदासीतही घाई अंगाशी येते. वर्षाच्या आतली, हलक्या वजनाची मादी लावली तर अंड्यांपायी तिच्या हाडांतलं कॅल्शियम जातं. एका खेपेला दोन अंडी, पण हंगामात खेपा अनेक. पिल्लू नर की मादी हे अंडी उबवण्याच्या तापमानावर ठरतं: 26 अंशांना माद्या, 32.5 च्या आसपास बहुतेक नर, आणखी वाढवलं की पुन्हा माद्या जास्त. टेक्सास विद्यापीठात डेव्हिड क्रूज यांनी दाखवलं की या उबेचा परिणाम मोठेपणीच्या स्वभावावरही राहतो.

आपल्याकडे 2022 ची वन्यजीव कायद्याची दुरुस्ती आणि 2024 चे नियम आले. साइट्स कराराच्या यादीतला विदेशी प्राणी पाळला असेल तर 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते, पिल्लं झाली तरी कळवावं लागतं. टोके गेको 2019 पासून त्या यादीत आहे. तेव्हा कुणी गेको विकायला आला तर रंगाआधी त्याला आईबाप विचारा, जन्मतारीख विचारा, विष्ठेचा रिपोर्ट मागा. आणि 'बँकॉकहून आलाय' असं अभिमानाने सांगत असेल तर कागद मागा. मुंबई विमानतळावर बॅगांत कोंबलेले असे प्राणी पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच.