तुलसीचे दोन चेहरे

नाट्यवाङ्मयाच्या अभ्यासात पात्र ही लेखकाची निर्मिती आणि नट हा तिचा वाहक, अशी विभागणी आपण बहुधा गृहीत धरतो. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'तील नायिका भाऊराव कोल्हटकरांनी गाजवली. पुढे १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत दाखल झालेल्या बालगंधर्वांनी तीच भूमिका केली. गळा बदलला, लकब बदलली. पण शकुंतला कोण हा प्रश्न उपस्थित झाला नाही, कारण संहिता दोघांच्याही आधी पूर्ण झालेली होती. दैनंदिन मालिकेच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. ते का टिकत नाही, हे पाहण्यासाठी एका बहुपरिचित पात्राचा इतिहास उपयोगी पडेल.

'क्यूँकि सास भी कभी बहू थी' ही बालाजी टेलिफिल्म्सची मालिका ३ जुलै २००० रोजी 'स्टार प्लस'वर सुरू झाली आणि १८०० हून अधिक भागांनंतर ६ नोव्हेंबर २००८ रोजी संपली. पुरोहिताची मुलगी असलेली तुलसी विराणी कुटुंबाची सून होते आणि यथाकाल सासू व आजीही होते. ही भूमिका स्मृती इराणी यांनी केली. मालिका सुरू झाली तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. कथानकाने काळाच्या मोठ्या उड्या घेतल्या आणि तिशीच्या आसपासच्या अभिनेत्रीला प्रौढ मुलांची आई व्हावे लागले. जून २००७ मध्ये इराणी मालिकेतून बाहेर पडल्या. त्यांच्या जागी गौतमी कपूर आल्या. पूर्वाश्रमीच्या या गौतमी गाडगीळ मराठी प्रेक्षकांना 'बिनधास्त' (१९९९) या चित्रपटामुळे परिचित होत्या. २००८ मध्ये इराणी परतल्या आणि मूळ तुलसीच मालिकेच्या शेवटापर्यंत राहिली.

आता याच मालिकेतील तुलसीच्या पतीकडे पाहू. मिहिर ही भूमिका अमर उपाध्याय, इंदर कुमार आणि रोनित रॉय अशा तिघांनी केली. २००१ मध्ये मिहिरचा मृत्यू दाखवल्यावर प्रेक्षक एवढे अस्वस्थ झाले की त्याला जिवंत करावे लागले; मात्र पुढे त्याचा चेहरा बदलला तो प्रेक्षकांनी पचवला. पात्र नाहीसे होणे असह्य, पण नट बदलणे सह्य, असा हा निवाडा होता. तुलसीच्या वाट्याला तो आला नाही.

या भेदाचे कारण अभिनयगुणांत शोधणे वरवरचे ठरेल. मिहिर कथेत घडणाऱ्या गोष्टींचा विषय आहे. तुलसी त्यांची साक्षीदार आहे. शीर्षकदृश्यात दार उघडून प्रेक्षकाला घरात घेणारी तीच. दैनंदिन मालिकेला पूर्ण संहिता नसते. उद्याचा भाग आजच्या प्रतिसादावर बेतला जातो, लेखक बदलतात, दिग्दर्शक बदलतात. अशा वेळी पात्राची सलगता सांभाळते कोण? त्या देहात साठलेली स्मृती. तुलसी आपल्याच मुलाला, अंशला, गोळी घालते. हे कृत्य प्रेक्षकाने एका विशिष्ट चेहऱ्यावर घडताना पाहिले होते. नवा चेहरा त्या कृत्याचा उल्लेख करू शकतो, त्याचे ओझे मात्र त्याला उसने घ्यावे लागते. पूर्वदृश्य दाखवावे तर पडद्यावर जुनाच चेहरा येणार.

अमेरिकेतील 'डॅलस' (१९७८–१९९१) या मालिकेत याचीच आणखी कठोर आवृत्ती सापडते. युइंग कुटुंबाची माता मिस एली ही भूमिका करणाऱ्या बार्बरा बेल गेडिस यांना त्यासाठी १९८० चा एमी पुरस्कार मिळाला होता. हृदयशस्त्रक्रियेनंतर १९८४ मध्ये त्या मालिकेतून बाहेर पडल्या. त्यांच्या जागी ऑस्कर पारितोषिकप्राप्त डॉना रीड आल्या. एका हंगामानंतर, १९८५ मध्ये, बेल गेडिस परतल्या आणि रीड यांना काढण्यात आले. रीड यांनी निर्मात्यांवर दावा लावला. तो तडजोडीने मिटला. जानेवारी १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

दोन्ही ठिकाणी कुटुंबाचा नैतिक आधार असलेली स्त्रीच अबदलनीय ठरावी, हा योगायोग नव्हे. या प्रकारात मातृरूप म्हणजे कथेची स्मरणशक्ती असते. परंतु व्यवहारात पात्राची मालकी निर्मात्याकडे राहते आणि ज्या श्रमाने पात्र घडले त्याला 'भूमिका बजावणे' एवढेच नाव मिळते. मधल्या काळात आलेल्या अभिनेत्रीवर तर दुहेरी अन्याय होतो: तिला कोऱ्या संहितेचे स्वातंत्र्य मिळत नाही आणि पूर्ण संहितेचा आधारही मिळत नाही. गौतमी कपूर वा डॉना रीड 'अपयशी' ठरल्या असे म्हणताना आपण या प्रकाराच्या रचनेतला दोष व्यक्तीच्या माथी मारत असतो.

२९ जुलै २०२५ रोजी ही मालिका नव्या पर्वासह पुन्हा सुरू झाली, ती तुलसीच्या भूमिकेत इराणी आणि मिहिरच्या भूमिकेत अमर उपाध्याय यांना घेऊनच. एके काळी रंगभूषेने चढवलेल्या वयाकडे एकोणपन्नास वर्षांची अभिनेत्री आता स्वतः चालत आली होती. पंचवीस वर्षांनी कथा पुन्हा सुरू करताना निर्मात्यांनी हाक मारली ती त्याच चेहऱ्याला. तुलसीची सहलेखिका कोण, याची याहून स्पष्ट कबुली कोणती हवी? मालिकांकडे निव्वळ 'लोकरंजन' म्हणून पाहण्याऐवजी या अलिखित लेखकत्वाचा विचार आपण वर्गात सुरू केला, तर 'पात्र' ही संज्ञाच नव्याने तपासावी लागेल.