विंडोज १० चं अपडेट थांबलं. जुना कॉम्प्युटर टाकायचा की चालवायचा? भोर-वेल्ह्यातल्या वापरकर्त्यांसाठी माहिती

भोर / वेल्हे : दाखल्यांचं केंद्र, दूध डेअरीचा हिशोब, झेडपी शाळेतली कॉम्प्युटरची खोली, नाहीतर पोराच्या कॉलेजसाठी पुण्यातून आणलेला सेकंडहँड लॅपटॉप. भोर आणि वेल्हे (राजगड) तालुक्यात अशी बरीच मशिन अजून विंडोज १० वर चालतात. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपवला, तेव्हापासून 'आता हे मशिन बाद का?' हा प्रश्न विचारला जातोय.

बाद नाही. कॉम्प्युटर सुरू होतो, प्रिंट निघते, सगळं आधीसारखंच चालतं. फक्त विंडोजमध्ये नवीन पळवाट सापडली तर ती बुजवणारं सुरक्षा अपडेट आता आपोआप येत नाही. घरी गाणी ऐकण्यापुरत्या मशिनला याचा फार त्रास नाही. पण ज्या मशिनवरून बँकेचे व्यवहार होतात, किंवा जिथे गावातल्या लोकांचे आधार आणि सातबारे स्कॅन होऊन पडलेले असतात, तिथे दुसऱ्यांच्या कागदपत्रांची जबाबदारी असते. विंडोज ७ चा सपोर्ट तर १४ जानेवारी २०२० लाच संपलाय. तसं मशिन अजून नेटला जोडलेलं असेल तर आधी त्याच्याकडे बघावं.

आपलं मशिन विंडोज ११ घेईल का?

त्यासाठी ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, ६४ बिटचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. रॅम ४ जीबी कागदावर पुरते, पण काम करताना ८ असलेली बरी. खरी अडचण प्रोसेसरची आहे. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. 'आय-फाइव्ह'च्या पुढचा नंबर ८२५० असेल तर आठवी पिढी, चालतो. ७२०० असेल तर सातवी, चालत नाही. १००५ किंवा ११३५ असे नंबर दहाव्या-अकराव्या पिढीचे, म्हणजे नवे. एवढा हिशोब नको असेल तर मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप थेट हो किंवा नाही सांगतं.

'टीपीएम नाही' असं उत्तर आलं म्हणून लगेच हात टेकू नयेत. बऱ्याच मशिनमध्ये ते असतं, पण बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या मशिनवर ते 'पीटीटी' आणि एएमडीच्या मशिनवर 'एफटीपीएम' या नावाने दिसतं. मशिन दुरुस्त करणाऱ्याला हे चालू करायला फार वेळ लागत नाही.

ज्यांचं मशिन बसत नाही त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत आहे. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असेल तर घरगुती वापरकर्त्याला सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर 'एनरोल नाऊ' हा पर्याय मिळतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की वाढीव सुरक्षा अपडेट फुकट मिळतात. तसं करायचं नसेल तर ३० डॉलर भरावे लागतात. एका खात्यावर १० मशिनपर्यंत ही सोय चालते.

फॉरमॅट मारण्याआधी

नुकसान होतं ते बहुतेक इथे. विंडोज १० वरून ११ वर अपग्रेड करताना फायली जागेवर राहतात. पण विंडोज ७ वरून थेट ११ वर जाता येत नाही, नव्याने टाकावं लागतं, आणि त्यात सी ड्राइव्ह पुसला जातो. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल सी ड्राइव्हमध्येच असते, हे अनेकांना फॉरमॅटनंतर कळतं. डाउनलोडचं फोल्डरही तसंच. या दोन्ही जागा आधी बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्याव्यात आणि दुसऱ्या मशिनवर उघडून बघाव्यात. नुसती कॉपी झाली म्हणजे झालं, असं धरू नये.

टॅली वापरणाऱ्यांनी डेटाचा बॅकअप तर घ्यावाच, शिवाय फॉरमॅटआधी लायसन्स सरेंडर करावं. डिजिटल सही टोकनमध्ये असते, ती फॉरमॅटने जात नाही. मात्र टोकनचा आणि अंगठ्याच्या मशिनचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो. तो नव्या विंडोजसाठी मिळतो का, हे आधी विचारून घ्यावं. अपग्रेडनंतर केंद्रासमोर माणसं खोळंबली आणि अंगठाच घेईना, ही वेळ नको.

मराठी फायलींचं वेगळंच आहे. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले ठराव आणि अर्ज नव्या मशिनवर उघडले की अक्षरांच्या जागी इंग्रजी खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते, फॉन्ट नसतो. म्हणून फॉन्टचं फोल्डरही सोबत घ्यावं. युनिकोडमधल्या 'मंगल'चंही तसंच: नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये हा फॉन्ट असेलच असं नाही, भाषेच्या सेटिंगमधून मराठी जोडावी लागते.

विंडोज ११ ची पूर्ण फाइल ५ जीबीच्या वर जाते. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीत ती बसत नाही, आणि पानशेतच्या वरच्या अंगाला किंवा हिर्डोशी खोऱ्यात रेंजचा भरवसाही नाही. भोर, नसरापूर किंवा पुण्यात चांगलं नेट मिळेल तिथून किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती तयार करून आणावी. त्या पेनड्राइव्हमधलं आधीचं सगळं पुसलं जातं, त्यामुळे लग्नाचे फोटो असलेला वापरू नये. अपग्रेड निम्म्यावर असताना लाइट गेली तर मशिन सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. लॅपटॉपची बॅटरी धड असावी, डेस्कटॉपला यूपीएस असावा. पावसाळ्यात तर यूपीएसशिवाय हे काम काढूच नये. ११ जमलं नाही तर पहिल्या १० दिवसांत सेटिंगमधून परत १० वर येता येतं.

बसत नसलेल्या मशिनचं काय?

'काहीतरी करून ११ टाकून देतो' असं सांगणारे भेटतात. ते होतंही. पण मायक्रोसॉफ्ट अशा मशिनला अपडेटची हमी देत नाही आणि कोअर टू ड्युओच्या काळातल्या मशिनवर तर ११ ची २४एच२ आवृत्ती सुरूच होत नाही. क्रॅक केलेलं विंडोज त्याहून वाईट, कारण त्यात सोबत काय आलंय ते कळायला मार्ग नाही.

शाळेच्या किंवा पोरांच्या मशिनला लिनक्स मिंट किंवा उबंटू मोफत टाकता येतं. सी-डॅकचं बॉस लिनक्सही आहे. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली की तेच मशिन बरंच हलकं चालतं. मराठी टायपिंग, इंटरनेट आणि लिब्रे ऑफिसमधले तक्ते सगळं होतं. टॅली मात्र लिनक्सवर सरळ चालत नाही आणि अंगठ्याची काही यंत्रंही अडतात, म्हणून दाखल्यांच्या केंद्राने या वाटेला जाण्याआधी दहादा विचार करावा. बाकीच्यांना आधी पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून बघता येतं. इन्स्टॉल न करता नुसतं चालवलं, तर पेनड्राइव्ह काढून मशिन पुन्हा चालू केल्यावर जुनं विंडोज जसंच्या तसं समोर येतं.