बर काढणे (धातुकाम)

धातू कापल्यावर किंवा त्याला भोक पाडल्यावर कडेला उरणारी खरखरीत, धारदार किनार घासून काढण्याच्या क्रियेस बर काढणे असे म्हणतात. कापताना धातूचा काही भाग तुटण्याऐवजी वाकून हत्याराच्या विरुद्ध बाजूस लोंबतो. तोच 'बर' होय. तो केसाएवढा असला तरी बोट चिरू शकतो.

तेलाचा 15 किलोचा डबा कापून धान्य वा पाण्यासाठी वापरताना ही क्रिया बहुधा वगळली जाते. परदेशांत घरी बिअर बनवणारे हौशी लोक सुमारे 50 लिटरच्या स्टेनलेस पोलादी पिंपाचा माथा कापून त्याचे पातेले करतात. आत हात घालून ते धुवावे लागत असल्याने तेथे या क्रियेला विशेष महत्त्व आहे.

कृती

कड प्रथम कानशीने घासतात. सरळ कडेस सपाट व गोल भोकास अर्धगोल कानस वापरतात. कानस कडेशी सुमारे 45 अंशांत धरावी. ती पुढे ढकलतानाच कापते, म्हणून मागे आणताना उचलावी; अन्यथा तिचे दाते बोथट होतात. नंतर 120 व 240 क्रमांकांचे पॉलिश पेपर फिरवतात. कड तपासण्यासाठी बोट फिरवू नये. कापसाचा पेळू फिरवावा. तंतू अडकले तर बर शिल्लक आहे असे समजावे. विदर्भात तरी या साधनाची वाण नाही.

पातळ पत्र्याची कड नुसती घासून भागत नाही, कारण पातळ कड पुन्हा धारदारच राहते. ती 5-6 मिलिमीटर दुमडून ठोकतात किंवा तिच्यात तार गुंडाळतात. बादलीचा काठ याच रीतीने गोल केलेला असतो.

स्टेनलेस पोलादावर साध्या लोखंडासाठी वापरलेली कानस किंवा लोखंडी तारेचा ब्रश चालवू नये. लोखंडाचे कण रुतून तेथे गंज धरतो. घासल्यानंतर भांडे साबणाने धुऊन लिंबूसत्त्वाच्या कोमट द्रावणाने पुसल्यास असे कण विरघळतात व धातूवरील संरक्षक थर पुन्हा तयार होण्यास मदत होते. जस्ती पत्र्याचा विचार आंबट पेयांसाठी करूच नये. आम्लात जस्त उतरते.

धोके

डोळ्यांवर चष्मा व हातांत चामडी मोजे आवश्यक आहेत. मात्र फिरत्या ड्रिलजवळ मोजे घालू नयेत, ते गुंडाळले जाऊन हात ओढला जातो. पिंपात दाब असल्यास तो आधी सोडावा. ज्वलनशील द्रव भरलेले जुने पिंप रिकामे दिसले तरी आतील वाफेमुळे कापताना स्फोट होऊ शकतो. धातूने खोल जखम झाल्यास धनुर्वाताच्या लसीबाबत डॉक्टरांना विचारावे.

कायदा

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 अन्वये परवान्याविना मद्य तयार करणे आणि त्यासाठी भांडी वा उपकरणे बाळगणे हा गुन्हा आहे. समुद्रपूर तालुक्यातील गिरड हे गाव ज्या वर्धा जिल्ह्यात आहे, तेथे दारूबंदी लागू आहे. त्यामुळे या भागात ही कृती पाण्याच्या टाक्या, धान्याच्या कोठ्या व चुलीवरची पातेली यांपुरतीच उपयोगाची आहे.