चिरफाड, पंचनामा, पीएम

नाशिकच्या सिव्हिलमध्ये शवागाराबाहेर बसलेले नातेवाईक एकमेकांना विचारत असतात, ‘पीएम झालं का?’ शवविच्छेदन हा शब्द कागदावरचा. घरातली म्हातारी माणसं त्याला चिरफाड म्हणतात, आणि सगळी धास्ती त्या शब्दात आहे. देह अखंड अग्नीला जावा, अस्थी रामकुंडात पडाव्यात, ही इच्छा मला कधीच अडाणी वाटली नाही.

पण देहाच्या आत पाहणं आपल्याला परकंही नव्हतं. सुश्रुतसंहिता सांगते, प्रेत गवतात गुंडाळून पिंजऱ्यात घालावं, वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावं, मग वाळ्याच्या कुंचल्याने घासत थराथराने शरीर पाहावं. पुढे हात थांबला तो शतकानुशतकं. मुंबईत तो पुन्हा चालला तो वैद्यकीय शिक्षणासाठी: १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं आणि १८५१ मध्ये भाऊ दाजी लाड तिथून डॉक्टर होऊन बाहेर पडले.

हे झालं शिकण्यासाठीचं विच्छेदन. मृत्यूचं कारण शोधणारं विच्छेदन मात्र आपल्याकडे पोलिसांचं बोट धरून आलं. मुंबई शहरात १८७१ च्या कायद्याचा कोरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, होता. ते पद १९९९ मध्ये गेलं. नाशिकसारख्या जिल्ह्यात आधी पोलीस आणि पंच, मग सरकारी डॉक्टर. पंचनाम्यापाठोपाठ पीएम येत गेल्याने ते संशयाचं काम ठरलं. सापाने दंश केलेल्या पोराचे आईवडीलही म्हणूनच विचारतात, ‘आमच्यावर शंका आहे का?’

आत काय होतं? डोकं, छाती आणि पोट उघडून अवयव तपासतात, परत ठेवतात, शिवतात. विषाची शंका असेल तर जठर, यकृत, मूत्रपिंडाचे तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून प्रयोगशाळेकडे पाठवतात. हाच ‘राखून ठेवलेला व्हिसेरा’. सूर्यास्तानंतर पीएम करत नसत. थांबायचं कारणही साधं होतं: दिव्याच्या पिवळ्या उजेडात जखमेचा खरा रंग कळत नाही. पुरेशी सोय असेल तिथे रात्री पीएम करायला केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली. खून, आत्महत्या, बलात्कार अशी प्रकरणं सहसा त्यातून वगळली. त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये सीटी स्कॅनने, चीर न देता तपासणी सुरू झाली.

संशयास्पद मृत्यूत कायदा घरच्यांची संमती मागत नाही. म्हणून तर त्यांना निदान माहिती द्यायला हवी. प्रत्येक शवागाराच्या दारावर मराठीत फलक लावा: काय तपासतात, काय राखून ठेवतात, देह कधी मिळेल, अहवाल कुठे मागायचा.