कैंप-1 ते सातारा किती लांब?

सध्या मुक्काम भिलाईच्या कैंप-1 मध्ये. एनसीसीच्या पोरांना कवायत शिकवतोय.

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला भावाचा फोन आला. वडिलांना आयसीयूत हलवलं होतं. मोबाइलवर पाहिलं तर रायपूर ते पुणे सरळ रेषेत सुमारे 870 किलोमीटर, विमानाला पावणेदोन तास. जिवात जीव आला. मग फौजी हिशेब मांडला, गेटपासून दारापर्यंतचा. माना विमानतळ गाठायला सव्वा तास, तिथं दोन तास आधी हजेरी, पुढे पुणे-सातारा 110 किलोमीटर रस्ता. नऊ तास कुठे गेले नाहीत, आणि विमान सकाळचं. आउटपास हातात घेऊन रात्र काढायची होती. पॉवर हाउस स्टेशनाकडून मालगाड्यांचे भोंगे ऐकू येत होते.

या रुळांची गोष्ट मोठी आहे. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत फौज घेऊन छत्तीसगडात रतनपूरवर उतरले, ते घोड्याच्या आणि बैलाच्या चालीने. मुंबईची रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली. पुढे राजनांदगावपर्यंत मीटरगेज आली, इथला धान्यमाल बाहेर काढायला. गंमत बघा, नागपूर-रायपूर हवाई अंतर 280 किलोमीटरच्या आसपास आणि रेल्वेने जेमतेम 300. दरेकशाचा घाट सोडला तर सगळा सपाट भाताचा मुलूख, लाइन जवळजवळ विमानासारखीच सरळ गेली.

1955 च्या रशियन करारानंतर इथं पोलाद कारखान्याचं काम सुरू झालं. पहिली भट्टी 1959 च्या फेब्रुवारीत पेटली. उभारणीला आलेल्या कामगारांच्या वस्त्या म्हणजे हे कैंप. कारखाना उभा राहिला, वस्तीचं नाव कैंपच राहिलं. त्या काळात मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री टपालाची विमानं निघायची, मध्यरात्री नागपूरला सोनेगावात जमायची आणि थैल्या बदलून परतायची. ही सेवा 30 जानेवारी 1949 ला सुरू झाली. कैंपातल्या एखाद्या मराठी फिटरला मुंबईहून आलेलं पत्र नागपूरपर्यंत असंच उडत आलं असेल, पुढे रेल्वेने. पत्राला विमान होतं, माणसाला मात्र रेल्वेच.

डिसेंबर 1977 मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. हावडा-मुंबई, वर्गभेद नसलेली, सगळे डबे सारखे. आमच्या वडिलांची तेव्हा पानागढला पोस्टिंग. सुट्टीला ते याच गाडीने कल्याणपर्यंत यायचे, म्हणजे भिलाईवरूनच. तिथून पुणे, मग सातारा. दोन दिवस मोडायचे. आजी वारली तेव्हा तार मिळून ते पोचले तेराव्याच्या आदल्या दिवशी. याबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत.

मी दुपारी दोनला सातारच्या दवाखान्यात उभा होतो. त्यांनी मास्क बाजूला केला.

"गीतांजलीनं आलास? रिझर्व्हेशन मिळालं?"

"मिळालं, बाबा," मी म्हणालो. "खिडकीजवळचं."